कोकराच्या दगडाशेजारी

बायाला खोटं बोलता येत नाही, हे टाकव्याच्या वरच्या अंगाच्या तिच्या वाडीत शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं. खोटं बोलायला गेली की तिच्या कानाच्या पाळ्या लाल व्हायच्या आणि बोलणं नको तितकं लांबायचं. अशी बाई लोणावळ्यात जाऊन दिवसाढवळ्या खोटं बोलत राहिली आणि चांगल्या शहाण्या माणसांनी ते खरं मानलं, यावरूनच तिच्यावर काय वेळ आली होती ते समजा.

काम होतं गोऱ्यांच्या कबरस्तानातलं. घाटात रेल्वे घातली त्या काळात तापानं, पटकीनं, सुरुंगानं जे साहेबलोक मेले, त्यांना तिथं पुरलेलं. कुणी इंजिनवाला, कुणी नुकतीच लग्न होऊन आलेली मडम, कुणी पलटणीतला मिसरूड न फुटलेला शिपाई. पुढं साहेब गेले, नातेवाईक समुद्रापल्याड राहिले आणि कबरींवर घाणेरीच्या झुडपांनी संसार मांडला. आता कुणाकुणाचे पणतू-खापरपणतू कबर शोधत यायला लागले होते, म्हणून चर्चच्या कमिटीनं जागा साफ करायला काढली. पाहुण्यांना चालायला वाट हवी, टेकायला बाक हवा आणि जेवढा बाक हवा तेवढाच संडासही हवा. ठेकेदाराचा माणूस पवन कामशेतच्या नाक्यावर बायका गोळा करायला आला. काम कुठलं हे कानावर पडताच बाया सगळ्यांच्या आधी टेम्पोत चढून बसली.

मुलगा किरण कंपनीत लागल्यापासून तिनं मजुरी सोडली होती. “आये, तुला काय कमी पडलं?” त्यानं विचारलं.

“घरात बसून अंग आकडतं रं,” ती म्हणाली. कान लाल झालेच, पण किरणची नजर मोबाइलमध्ये होती.

खरं कारण कबरस्तानाच्या मागच्या कोपऱ्यात होतं. तिथं एक बुटका पांढरा दगड आहे. त्यावर पाय दुमडून बसलेलं कोकरू कोरलंय. त्या दगडाच्या डाव्या अंगाला, हातभर अंतरावर, बायाची पहिली मुलगी मातीत होती.

घाटात मोठा रस्ता होत होता, तेव्हाची ती गोष्ट. बाया आणि तिचा नवरा नवसू तिथं खडी फोडायला होते. पोर पालातच जन्मली आणि बारशाच्या आधीच तापानं गेली. दात न आलेलं लेकरू जाळत नाहीत, मातीत ठेवतात. पण माती कुणाची? वाडी लांब, मुकादम सोडेना, आणि जवळच्या गावच्या मसणवटीत परक्याला कोण हात लावू देणार? कापडात गुंडाळलेली पोर छातीशी धरून नवसू भटकत राहिला आणि शेवटी कबरस्तानाच्या पडक्या भिंतीवरून आत उतरला. मागोमाग बाया. कोकरू दिसलं तसा तो थांबला. “हितं बी ल्हान लेकरूच आसंल,” तो म्हणाला. “एकटी न्हाई ऱ्हायाची आपली पोर.” खड्डा त्यानंच काढला. कोल्ह्यानं उकरू नये म्हणून वर धोंडे रचले. आणि घरी आल्यावर दोघांनी तोंडाला जे कुलूप लावलं, ते किरण झाला, वाढला, त्याचं लग्न झालं, तरी निघालं नाही.

नवसू पुन्हा तिकडं फिरकला नाही. सायबाच्या जागेत बिनपरवाना पुरलं, कळलं तर पोलीस धरतील आणि पोर उकरून काढतील, असं त्याच्या मनानं घेतलं होतं. बाया मात्र दरसाल दिवाळी झाली की बाजाराचं निमित्त करून यायची. बाटलीतून शेळीचं दूध आणायची, थोडं धोंड्यांवर घालायची आणि उरलेलं कोकराच्या दगडापाशी. शेजारच्या लेकरासमोर फक्त आपल्याच लेकराला पाजायचं, हे तिला बरं दिसेना. दूध वाळून मुंग्या नकोत म्हणून मग ती पाण्यानं, काथ्यानं तो दगड घासून काढायची. कोकराची पाठ, कोकराचे कान, खालची अक्षरं, सगळं.

तर कामाच्या दुसऱ्या दिवशी पवननं फक्कीची पिशवी घेतली आणि बरोब्बर त्याच कोपऱ्यात पांढरा चौकोन आखला. “संडासची टाकी इथं. कोपऱ्यात आहे, कुणाच्या डोळ्यावर येणार नाही.”

बाया पुढं झाली. विचार करायला सवड नव्हती. “तितं नाग हाय,” ती बोलून गेली. “लय मोटा. काळा. मी पायला. फना काढून बसलावता, माज्याकडं बगत व्हता, मिशा व्हत्या त्याला.”

मिशांपर्यंत जायची गरज नव्हती. पण बायका मागं सरल्या आणि पवननं कपाळाला हात लावून सर्पमित्राला फोन केला. तो आला, धोंडे न हलवता आजूबाजूला काठी फिरवली आणि घाणेरीतून खरोखरच एक भलीमोठी धामण ओढून काढली. सगळ्यात जास्त घाबरली ती बाया. आपण बोलावं आणि ते खरं व्हावं, याची तिला सवय नव्हती. “बिनविषारी आहे, आणि मिशा नाहीत,” असं सांगून तो पोतं घेऊन गेला. कोपरा मोकळा झाला.

मग बायानं मडम काढली. पांढरा झगा, उलटे पाय, कडेवर पोर. जेवणाच्या सुट्टीत तिनं अशी काही रंगवून सांगितली की एका बाईनं भाकरी अर्धी टाकली. दुपारनंतर त्या चौकोनात कुदळ मारायला एक माणूस पुढं येईना. बाया मनातून खूश झाली. टाकी आता दुसरीकडं जाणार, असं ती धरूनच चालली.

संध्याकाळी टेम्पोत बसताना पवन म्हणाला, “कुणीच खणू नका. उद्या सकाळी जेसीबी येतोय. त्याला नागाचं भ्या नाही न् मडमेचंही नाही.”

बायाचा चेहरा उतरला. अतिशहाणपणा नडला म्हणतात तो असा. माणसांच्या हातात कुदळी असत्या, तर तिनंच पुढं होऊन तेवढी जागा आपल्याकडं घेतली असती, काही निघालं असतं तर ओच्यात घेतलं असतं. आता तो पिवळा जबडा एका घासात सगळं उचलणार होता, आणि ही वेळ तिनंच ओढवून घेतली होती.

घरी तिनं नवसूला सांगितलं. त्यानं चुलीतलं लाकूड आत सारलं. “गप ऱ्हा,” म्हणाला. “आता काय उरलं आसंल तितं? माती झाली आसंल.”

“त्या मातीचंच म्हनतेय मी,” बाया म्हणाली.

सकाळी जेसीबी दात वर करून फाटकातून आत आला, तेव्हा बाया त्या पांढऱ्या चौकोनाच्या मधोमध मांडी घालून बसलेली होती. पवन ओरडला, बायका हसल्या, ड्रायव्हरनं हॉर्न दाबला. गलका ऐकून कमिटीच्या माधवी साळवे आल्या. शाळेतून निवृत्त झालेल्या बाई, छत्रीचा काठीसारखा उपयोग करणाऱ्या आणि हॉर्नचा मनापासून राग असणाऱ्या.

“मशीन बंद कर आधी,” त्या ड्रायव्हरला म्हणाल्या. मग वाकून विचारलं, “मावशी, काय झालं? इथे का बसलात?”

बायानं तोंड उघडलं. तिसरं काही तरी सांगावं असा तिचा विचार होता; कान तापायलाही लागले होते. पण नागही संपला होता आणि मडमही. “माजी लेक हाय हितं,” ती म्हणाली. “खाली.”

एकदा सुटलं ते थांबेना. खडी, ताप, मुकादम, भिंत, धोंडे, सगळं तिनं एका दमात सांगितलं आणि शेवटी हात जोडले. “चूक झाली, ताई. परवानगी न्हाई घेतली. काय करायचं ते मला करा, पर तिला उकरू नका.”

कुणी हसत नव्हतं. माधवीताई कोकराच्या दगडाकडं बघत होत्या. “हा दगड तुम्ही घासता?”

हाही गुन्हाच असणार, असं बायाला वाटलं. “व्हय. काथ्यानं. हलक्या हातानं.”

“अहो, किती वर्षं आम्ही डोकं खाजवतोय! इथला एकूण एक दगड शेवाळानं काळा झालाय, अक्षर लागत नाही. आणि हा एकटा स्वच्छ. आम्हाला वाटायचं, घरचंच कुणीतरी येऊन जातं.” त्या खाली टेकल्या आणि अक्षरांवरून बोट फिरवलं. “यावर बापाचं नाव आहे. आणि ‘आमची तान्ही मुलगी’. बस. बाळाचं नाव नाही.”

“मंजी हिचं बी बारसं ऱ्हायलं?”

“बाप्तिस्मा व्हायच्या आत गेली असेल. अशा लेकरांना आमच्या लोकांनीही मोठ्यांच्या रांगेत जागा दिली नाही, मावशी. बाजूला कोपऱ्यात ठेवलं.”

बायाला हे लागलं. साहेबाची पोर, तरी कोपऱ्यात. तिनं धोंड्यांवर हात ठेवला. “मंग आता ही उकरून न्यावी लागंल का मला?”

“कुठे नेणार तिला? राहू दे इथेच. दोघीही राहू देत.” माधवीताई छत्री टेकून उठल्या आणि शाळेत असल्यासारख्या पवनकडं वळल्या. “टाकी फाटकाजवळ घ्यायची. मैला उपसायची गाडी इथवर येणार कशी, हे मी पहिल्याच दिवशी विचारलं होतं. तेव्हा कुणाला ऐकू आलं नाही.”

पवननं मान खाली घालून पायानं फक्की पुसायला सुरुवात केली. जेसीबी मागं मागं सरकत फाटकाबाहेर गेला. आणि बायाला इतकं हलकं वाटलं, की तिला हसूच फुटलं. हसता हसता डोळे गळायला लागले, ते पुसावे असंही तिच्या मनात येईना. एवढ्या वर्षांचं ओझं असं एका सकाळी उतरतं, आणि ते उतरवायला फक्त खरं बोलावं लागतं, याचं तिला नवल वाटत राहिलं. कुणीतरी चहा आणून दिला. तो तिनं लेकीपाशी बसूनच प्यायला.

मग तिनं कमरेच्या पिशवीतून फोन काढला आणि नवसूला लावला.

“हाय तितंच ऱ्हानार म्हनल्या बाई,” ती म्हणाली. “टाकी दुसरीकडं घेतली.”

 पलीकडून नुसत्या शेळ्या ओरडल्या.

“ऐकलंसा का?”

“तुला वरडलं का कोन?”

“न्हाई. चा पाजला.”

“पोलीस?”

“कसला पोलीस आन् कसलं काय.”

पुन्हा शेळ्या. बाया फोन कानाशी धरून थांबली. नवसूनं घसा खाकरला.

“मंग मी बी येऊ का?” त्यानं विचारलं. “तिला बगायला?”