सेक्टर म्हणायचं, गाव नाही

गावात राहतो हे सांगायची आमच्या बाबांना लाज. सेक्टरच्या सरळ रस्त्यांच्या मधोमध हे जुनं गाव, इथं शहराचे बांधकामाचे नियम लागत नाहीत. आमच्या बिल्डिंगला चार मजले, जिना एक, आणि जिन्याखाली सगळ्यांचे मीटर. गल्लीत दोन स्कूटर समोरासमोर आल्या की शिव्या सुरू. पण कोणीही विचारलं की बाबांचं एकच, "सेक्टर पंचेचाळीस, चारशे बारा." नंबर आमच्याच घराचा, फक्त गाव गाळायचं. आम्हालाही तसंच शिकवलेलं.

लातूरच्या आत्याने फोनवर विचारलं होतं, "दिगंबर, पोरगी नीट राहील ना रे तिथं?"

"ताई, अख्खं शहर प्लॅन करून बांधलंय."

मग ज्ञानदा आली. माझी आतेबहीण. सेक्टर चौतीसमध्ये मेडिकलच्या कोचिंगला जायची. मी नववीतच शाळा सोडलेली, त्यामुळे टोमणे ठरलेले. मी मीटरच्या लोंबत्या वायरींवरून घरमालकाशी भांडले तेव्हा म्हणाली, "निशे, वायरींचा पेपर असता तर तू बोर्डात आली असतीस."

मालक म्हणाला, "बेटा, बीस साल से ऐसे ही है."

त्या दुपारी आई-बाबा कामावर होते. मी दूध आणायला खाली गेले. परत आले तर जिन्यातून काळा धूर.

"ज्ञानदा! खाली ये!"

तिसऱ्या मजल्यावरच्या खिडकीच्या गजांतून तिचा हात बाहेर आला. "जिन्यात काही दिसत नाहीये गं!"

"गच्चीवर जा!"

"कुलूप आहे!"

वर पोरं दारू पितात म्हणून मालकाने लावलेलं. मी कोपऱ्यावरच्या एसटीडीत पळाले, एकशे एक लावला.

"पता?"

"सेक्टर पैंतालीस, चार सौ बारा!"

"कोठी है, या गाँव के अंदर?"

डोकंच फिरलं माझं. वर बहीण अडकलीये आणि हा बंगला की गाव अशा चौकशा करतोय! "सेक्टर बोला ना! जल्दी भेजो!" फोन आपटला.

बंबाची घंटा जवळ आली. मग लांब गेली. मी घंटेच्या मागे गल्लीबाहेर पळाले.

सेक्टरच्या रुंद रस्त्यावर, चारशे बारा नंबरच्या कोठीसमोर बंब उभा. लॉनला पाणी घालणारे एक म्हातारे सरदारजी हात हलवत होते, "यहाँ कहाँ आग है जी?"

"गाँव में!" मी ओरडले. "गाँव में है!"

बंब गल्लीच्या तोंडाशीच अडकला. माणसं पाइप घेऊन आत धावली. मी वर पाहिलं. गजांत हात नव्हता.

हॉस्पिटलात हवालदाराने कागद काढला. "लड़की रहती कहाँ थी?"

"सेक्टर पैंतालीस," बाबा म्हणाले. सवयीनं.

"गाँव लिखो," मी म्हटलं.

बाबांनी माझ्याकडे पाहिलं.

"त्यानं मला विचारलं होतं, बाबा. फोनवर. नीट विचारलं होतं त्यानं."