फ्रीजमधला शेवटचा रोल

मित्रांनो, मी एक जुना फिल्मचा रोल आहे, आणि लपवण्यात काही अर्थ नाही, मी पहिल्यापासून भित्रा आहे. माझ्यासारख्याने भित्रं असायलाच हवं. एकदा चुकून उजेड लागला की आमचा कारभार आटोपतो.

तुमच्यापैकी काहींनी घरातल्या एखाद्या जुन्या कपाटात छोट्या गोल डबीतला रोल पाहिला असेल. तो मी नव्हे. तो माझा धाकटा भाऊ. मी त्याच्याहून रुंद, जवळजवळ चार बोटं, आणि उलगडलो तर दोन हात लांब. माझ्या पाठीला काळा कागद असतो आणि माझ्यावर बरोबर बारा चौकोनी फोटो निघतात. बारा म्हणजे बारा. तेरावा मागाल तर माझ्याकडे जागा नाही. आमच्या मापाला मीडियम फॉरमॅट म्हणतात. नाव भारदस्त आहे, पण त्याने माझी भीती कमी झाली नाही.

माझा जन्म एका कारखान्यात, मिट्ट काळोखात झाला. तिथली माणसं वर्षानुवर्षं अंधारात काम करून इतकी सरावली होती की एकमेकांना पावलांच्या आवाजावरून ओळखत. कोपऱ्यावर वळताना ती तोंडाने बारीक शीळ घालायची, म्हणजे टक्कर होत नसे. मला गुंडाळणाऱ्या बाई दर रोल गुंडाळून झाला की त्यावरून अंगठा फिरवायच्या. काळा कागद कुठे सैल राहिलाय का, ते त्या बघत असत. मला तो अंगठा अजून आठवतो. त्यानंतर इतक्या निश्चिंतपणे मला कुणी हातात घेतलं नाही. मग चंदेरी कागद, मग पुठ्ठ्याचं खोकं, आणि खोक्यावर एक तारीख. या तारखेच्या आत वापरावे. तुमच्या कपाळावर अशी तारीख छापली तर तुम्हाला झोप लागेल का?

मी ज्या स्टुडिओत आलो तो रस्त्याकडेच्या एका खोलीत होता. मागच्या दोन खोल्यांत घर. फोटो काढणाऱ्या गृहस्थांना सगळे फोटोवाले म्हणायचे आणि त्यांच्या पत्नीला वहिनी. घरात फोटोवाल्यांची आई होती. त्यांना मी मनातल्या मनात आजी म्हणत असे. मी हे सगळं ऐकून ऐकून सांगतोय. मी चंदेरी कागदात बंद, कागद खोक्यात, आणि खोकं स्वयंपाकघरातल्या फ्रीजमध्ये, अंड्यांच्या वरच्या कप्प्यात. थंडीत आम्ही जास्त टिकतो.

आम्ही वीस जण एकदम आलो होतो. वीसच का, ते सांगतो. एके दिवशी दुकानदाराचा फोन आला की कारखान्याने आमचं माप बनवणं थांबवलंय. आता जे आहे ते आहे. फोटोवाल्यांनी त्याच दिवशी जाऊन त्याच्याकडचे सगळे रोल उचलून आणले. "इतके कुठे ठेवू?" म्हणून वहिनींनी कपाळाला हात लावला. त्या आम्हाला सवती म्हणायच्या. "माझ्या या वीस सवतींमुळे माझी कोथिंबीर बाहेर सुकतेय," असं रोज एकदा तरी ऐकू यायचं. पण कप्पा कधी रिकामा करायला सांगितला नाही.

फोटोवाल्यांची काम करायची एक रीत होती. लोक कॅमेऱ्यासमोर बसले की लाकडासारखे ताठ होतात. आमच्यावर तर बाराच फोटो. ताठ माणसावर ते वाया कसे घालवायचे? म्हणून फोटोवाले आधी कॅमेऱ्यात रोल न घालताच दोन-तीनदा खटका दाबायचे. त्याला ते कोरा फोटो म्हणत. माणसाला वाटायचं, झालं एकदाचं, आणि त्याचे खांदे खाली यायचे. मग फोटोवाले म्हणायचे, "जरा पाणी घ्या." तेवढ्यात आतल्या खोलीत जाऊन रोल भरायचा. पुढचा फोटो खरा. कोरा कुठला आणि खरा कुठला, हे बाहेरच्या माणसाला कधीच कळत नसे.

घरातल्यांना मात्र कळायचं. कारण फ्रीजमधला रोल थेट कॅमेऱ्यात घालता येत नाही. त्याला दव धरतं. म्हणून तो तासभर आधी बाहेर काढून ठेवायचा. फोटोवाले तो ओट्यावर ठेवत आणि त्यावर एक स्टीलची वाटी उपडी घालत. वाटी उपडी दिसली की वहिनी तिथे गरम भांडं ठेवत नसत, आणि आजी विचारायच्या, "आज कोण येणार आहे रे?"

एक एक भाऊ असा वाटीखाली गेला आणि परत आला नाही. कुणी लग्नाला, कुणी एका शाळेच्या निरोपाला, कुणी एका म्हाताऱ्या सुताराच्या फोटोला. दर वेळी फ्रीजचं दार उघडलं की मला वाटायचं, आता माझी पाळी. मी मागे सरकायचो, म्हणजे सरकता आलं असतं तर सरकलो असतो. त्यात कधी कधी भर दुपारी वीज जायची. फ्रीजची घरघर बंद पडली की मी मिनिटं मोजत बसायचो. वीज आली की जीव भांड्यात पडायचा.

मग स्टुडिओत डिजिटल कॅमेरा आला. तो वाईट होता असं मी म्हणणार नाही. गिऱ्हाइकं खूश होती, फोटोवाल्यांना उसंत मिळू लागली. त्यांच्या लेकीच्या लग्नात त्याने तीन हजार फोटो काढले. ते आजतागायत कुणी पूर्ण पाहिलेले नाहीत, पण काढले. मोठा कॅमेरा कपाटात गेला आणि आमची गरज कमी कमी होत गेली. गरज कमी झाली तशी फोटोवाल्यांची भीती मात्र वाढली. शेवटी मी एकटा उरलो तेव्हा ते मला दर महिन्याला हातात घ्यायचे, तारीख वाचायचे, आणि परत ठेवायचे. तारीख उलटून एक वर्ष झालं, पाच झाली, अकरा झाली. "हा शेवटचा," ते वहिनींना सांगायचे, "याला उगाच कशावर घालवायचा नाही." मला ते ऐकून बरं वाटायचं. आपण मौल्यवान आहोत असं वाटायचं. आतून मात्र मी हळूहळू धुरकट होत होतो, आणि ते फक्त मला ठाऊक होतं.

एके सकाळी आजी स्वयंपाकघरात येऊन बसल्या. त्या त्र्याण्णव वर्षांच्या होत्या.

"माझा एक फोटो काढ," त्या लेकाला म्हणाल्या. "त्या मोठ्या कॅमेऱ्यात."

"डिजिटलमध्ये काढतो ना आई. आत्ता लगेच दिसेल."

"लगेच बघून काय करू? मी कशी दिसते ते मला माहीत आहे. ह्यांचा तू त्या कॅमेऱ्यात काढलायस, चौकोनी. भिंतीवर ह्यांच्या शेजारी तसाच हवा मला. नंतर भलत्याच आकाराचा टांगून ठेवशील, ते नको."

बाहेरच्या भिंतीवर फोटोवाल्यांच्या वडिलांचा फोटो होता. तो आमच्यापैकीच एकावर काढलेला. त्याच्या शेजारी आजींनी स्वतःच एक खिळा ठोकून घेतला होता.

फ्रीज उघडला. फोटोवाल्यांचा हात माझ्यावर आला. खरं सांगू, मित्रांनो? मी त्या क्षणी मनातल्या मनात ओरडत होतो, नको, नको, मला बाहेर काढू नका. मी जर आतून मेलेला निघालो तर? उजेड लागला तर? मला आजींचा विचार शिवलाही नाही. फोटोवाल्यांनी खोक्यावरची तारीख पुन्हा एकदा वाचली. मग पुटपुटले, "शंभरी होऊ दे. सगळे जमतील तेव्हा." आणि त्यांनी मला परत ठेवलं.

बाहेरून त्यांचा आवाज आला, "बस आई, मान थोडी वर." खटका वाजला. एकदा, दोनदा, तीनदा. आजींनी केस विंचरले होते आणि ठेवणीतली शाल घेतली होती, हे मला वहिनींच्या कौतुकावरून कळलं. मी फ्रीजमध्ये होतो. कॅमेरा रिकामा होता.

त्यानंतर चार-पाच दिवसांनी आजींनी विचारलं, "माझा फोटो धुतलास का रे?"

"केमिकल संपलंय आई. आणतो."

पुढच्या आठवड्यात पुन्हा, "धुतलास?"

"दुकान बंद होतं."

असं तीन महिने चाललं. दर वेळी फोटोवाल्यांचा आवाज आधीपेक्षा बारीक यायचा. मला तर आजींची काठी वाजली तरी धडकी भरायची. मग एका दुपारी जेवून पडल्या त्या आजी उठल्याच नाहीत.

बरेच दिवस गेले. मग एका साध्याच सकाळी, कुणी गिऱ्हाईक यायचं नसताना, फोटोवाल्यांनी मला बाहेर काढलं. ओट्यावर ठेवलं. वाटी घातली. मी थिजून गेलो होतो.

वहिनी आत आल्या. "अहो, कोण येणार आहे?"

"कुणी नाही. तुझा काढतो."

"माझा? इतकी वर्षं केमिकलमध्ये हात घालून घालून माझी नखं काळी झाली, तेव्हा नाही सुचलं ते?"

फोटोवाले हसले नाहीत. खुर्ची ओढल्याचा आवाज आला. मग ते म्हणाले, "आईचा मी कोरा काढला होता."

नळ ठिबकत होता, तो वहिनींनी बंद केला.

"मला माहीत होतं," त्या म्हणाल्या. "आईंनाही माहीत होतं."

"काय?"

"त्याच दिवशी म्हणाल्या मला. वाटी फडताळातच होती, म्हणाल्या. ओट्यावर आलीच नाही. तर रोल कुठला भरतोय तो?"

"मग सारखं विचारायची कशाला?"

वहिनी म्हणाल्या, "मीही तेच विचारलं. तर म्हणाल्या, विचारत राहते. एक ना एक दिवस लाजेल आणि खरा काढेल."

फोटोवाले रडले. मोठ्या माणसाला रडताना मी पहिल्यांदाच ऐकलं. वाटीखाली मला लपायला जागा नव्हती, आणि पहिल्यांदाच मला माझ्यापेक्षा दुसऱ्या कुणाची तरी जास्त काळजी वाटली.

तास झाल्यावर त्यांनी मला कॅमेऱ्यात भरलं. त्यांची बोटं काम विसरली होती. माझं टोक रिकाम्या रिळाच्या फटीत दोनदा नीट बसलं नाही, आणि मी भीतीने गारठलो. शेवटी वहिनीच म्हणाल्या, "आणा इकडे," आणि त्यांनी एका दमात भरून दिलं. फोटोवाल्यांनी पहिला खटका दाबला आणि डिजिटलच्या सवयीने कॅमेऱ्याच्या पाठीकडे बघितलं. तिथे कुठला आलाय फोटो? तेवढ्यात त्यांचा अंगठा पाठीचं झाकण उघडायच्या खिटीवर गेला. "अहो!" वहिनी अशा ओरडल्या की अंगठा जागच्या जागी थांबला. ती खिटी उघडली असती तर मी आज तुमच्याशी बोलत नसतो.

बारा वेळा माझ्यावर उजेड पडला. आयुष्यभर ज्याला घाबरलो तो उजेड, दर वेळी डोळ्याची पापणी लवण्याइतकाच. त्या उजेडाबरोबर वहिनी आत आल्या, थोड्या रडलेल्या, थोड्या वैतागलेल्या. मी त्यांना घट्ट धरून ठेवलं. पण मला धरता येतंय की नाही, हे मलाही माहीत नव्हतं. केमिकलमधून बाहेर येईपर्यंत आम्हाला ते कधीच कळत नाही.

दोघांनी मिळून मला मोरीत धुतलं. दार बंद, फटीला चादर. घड्याळ बंद पडलेलं, म्हणून वहिनी मोठ्याने सेकंद मोजत होत्या. मोजता मोजता मध्येच चुकल्या, आणि फोटोवाल्यांनी पुढचा आकडा सांगितला. दिवा लागला तेव्हा दोघं माझ्याकडे वाकले. मी फिका होतो. कडा राखाडी झाल्या होत्या, चार चौकटींवर डाग होते. पण आठ चौकटींत वहिनी दिसत होत्या. "जरा आधी काढला असता तर स्वच्छ आला असता," फोटोवाले म्हणाले.

आता माझे चार तुकडे करून एका पाकिटात ठेवलेत. उजेड मला आता काही करू शकत नाही. तरी माझी भीती गेलेली नाही, फक्त बदलली आहे. माझ्यामागून कुणी येणार आहे की नाही? लेकीने फोनवर वाचून दाखवलं की दूर कुठेतरी एक लहानसा कारखाना आमचं माप पुन्हा बनवायला लागलाय. फोटोवाल्यांनी लगेच दुकानदाराला विचारलं. तो म्हणाला, "दोन-चार येतील कदाचित. पुढच्या वर्षाचं मात्र विचारू नका." फोटोवाले म्हणाले, "आले की त्याच दिवशी कळव. मी ते ठेवून देणार नाही."

मित्रांनो, जुन्या वस्तू जपा, असं मी तुम्हाला सांगावं अशी अपेक्षा असेल. मला तर डोळ्यांत तेल घालून जपलं होतं. माझी एवढीच विनवणी आहे की वस्तू संपेल या भीतीने माणसाला थांबवून ठेवू नका. तुमच्या घरात कुणी केस विंचरून बसलं असेल, तर जे हाताशी असेल त्याने त्याचा फोटो काढा, आणि आजच काढा. मी घाबरलो, फोटोवाले घाबरले, आणि आजी मात्र तीन महिने न घाबरता विचारत राहिल्या. कारखाने पुन्हा सुरू होतील, रोलही कदाचित मिळतील, पण आजींचा फोटो आता कुठल्याच रोलवर निघणार नाही.