माझ्या पानांचे मानकरी

मी एक जुने लॉरेलचे झाड आहे. झाड कसले, आता नुसते खोड. एका संस्थेच्या सभागृहाच्या खिडकीला लागून उभे आहे.

मित्रांनो, मोठ्या सन्मानाच्या मानकऱ्यांना 'लॉरिएट' म्हणतात, हे तुम्ही वाचले असेल. तो शब्द आमच्या घराण्यातला. फार पूर्वी दूरदेशी कवींच्या आणि विजेत्यांच्या डोक्यावर आमच्या पानांचा मुकुट घालत. ज्याच्या डोक्यावर मुकुट, तो लॉरिएट. एरवी आमची पाने रश्शात पडतात, पण ते कोणी भाषणात सांगत नाही.

ही संस्था काढणाऱ्या आणि मला लावणाऱ्या थोरल्या बाई मोठ्या कडक. संस्थेच्या समारंभात वर्षाला एकच मुकुट, तोही तशा योग्यतेचा माणूस मिळाला तर. नाही मिळाला तर समारंभच नाही. अशा वर्षी मी मनसोक्त वाढत असे. माळीणमावशी मुकुटापुरती फांदी काढी आणि जखमेवर ओली माती लावी.

बाई गेल्या आणि नवे सचिव आले. त्यांना कोणाला नाही म्हणता येत नसे. एका मुकुटाचे पाच झाले, पाचाचे पंचवीस. देणगीदार झाले, देणगीदारांचे जावई झाले, शेवटी मांडववाल्याचाही सन्मान झाला. डोकी वाढत गेली, माझी पाने काही तितकी वाढेनात.

यंदा मावशीने सचिवांपुढे हात जोडले.

"साहेब, एवढं वर्ष सोडा हो त्याला. अंगावर पानं उरली नाहीत. आता कापलं तर जगायचं नाही ते."

"मावशी, पत्रिका वाटून झाल्यात. आता कुणाला कुठल्या तोंडानं नाही म्हणू?"

"मग कापायला दुसरं कुणी बघा."

तिने कात्री खाली ठेवली. सचिवांनी मांडववाल्याची माणसे बोलावली. त्यांनी मला शेंड्यापासून बुडापर्यंत ओरबाडले.

संध्याकाळी प्रमुख पाहुण्यांनी 'लॉरिएट' शब्दाचा उगम रंगवून रंगवून सांगितला. टाळ्यांचा कडकडाट झाला. खिडकी उघडीच होती, पण एकानेही माझ्याकडे मान वळवली नाही. मुकुट घसरला असता ना!

मावशी अजून रोज पाणी घालते. एकही कोंब फुटलेला नाही. मला त्या माणसांचा राग येतो आणि तिच्यासाठी वाईट वाटते.

मित्रांनो, उद्या तुमच्यापुढे कोणी मुकुट धरला, तर तो कुठून तोडला हे आधी विचारा. माझे काय व्हायचे ते झाले. पण काल सचिवांनी माझ्या शेजारी एक नवे रोप आणून ठेवले आहे. वीतभर आहे बिचारे. पुढच्या समारंभाला त्याचे किती मुकुट निघतील, असे सचिव मावशीला विचारत होते.