मास्तरांचा 'स'

कवळीवाल्यांनी आयुष्यात मन लावून असं एकच पाप केलं, आणि तेही कानशीने.

एरवी माणूस नाकासमोर चालणारा. दुकान दोन खोल्यांचं. पुढच्या खोलीत गिऱ्हाइकाची खुर्ची, मागच्या खोलीत फळीवर ओळीने मांडलेले प्लास्टरचे जबडे, मेण वितळवायचा दिवा आणि पॉलिशची मोटर. चर्चमधल्या निम्म्या वडीलधाऱ्यांच्या तोंडात त्यांच्या हातचं काम होतं. रविवारी सगळे गायला लागले की कवळीवाले डोळे मिटत. लोकांना वाटे, काय हा भक्तिभाव! ते मात्र कुणाची कवळी सैल झालीय, याचा अंदाज घेत असत.

गायनमंडळात एकट्याने म्हणायचं कडवं बावीस वर्षं त्यांच्याकडे होतं. मग मंडळाला शिकवायला नव्या बाई आल्या. त्यांनी महिनाभर ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "काका, तुमच्या आवाजाला आता जरा विश्रांती द्या. हे कडवं मास्तर म्हणतील."

मास्तर म्हणजे त्यांचे थोरले साडू. शाळेतले निवृत्त ड्रिल मास्तर. मंडळात येऊन त्यांना सहा महिनेही झाले नव्हते. कवळीवाले हसून "उत्तम, उत्तम" म्हणाले आणि घरी येऊन बायकोवर भाजीत मीठ नाही म्हणून ओरडले. मीठ होतं.

त्याच आठवड्यात मास्तर दुकानात हजर. वरची कवळी जुनी झाली होती. "नवी करून दे बाबा. कडवं म्हणायचं आहे. तुझ्या हातची असली की मी निर्धास्त."

कवळीवाल्यांनी कवळी केली. सुरेख केली. आणि शेवटच्या दिवशी, दुकानात कुणी नसताना, पुढच्या दोन दातांच्या मागे जिथे 'स' म्हणताना जीभ जाते, तिथे कानशीचे चार हात जास्त मारले. अगदी चारच. मग वरून असं पॉलिश केलं की देवालासुद्धा दिसू नये.

रविवारी मास्तर उभे राहिले, छाती काढून. त्या कडव्यात अकरा 'स' होते. कवळीवाल्यांनी आधीच मोजून ठेवले होते. पहिल्या 'स'ला बारीक शिट्टी वाजली. दुसऱ्याला जरा मोठी. पाचव्याला पुढच्या बाकावरच्या मुली तोंडात रुमाल कोंबू लागल्या. आठव्याला उघड्या दारातून एक कुत्रं आत आलं, मधल्या वाटेने थेट मास्तरांसमोर गेलं आणि शेपूट हलवत, कान टवकारून बसलं. नवव्याला त्याने पंजा पुढे केला.

चर्च हसून हसून लोळायचं बाकी राहिलं. "जन्मभर शिट्टी गळ्यात होती, आता घशात गेली," असं कुणीतरी म्हणालंही. कवळीवाले इतके हसले की त्यांना उचकी लागली. उचकी थांबली तेव्हा त्यांचं लक्ष मास्तरांकडे गेलं. मास्तर कुत्र्याच्या डोक्यावर हात ठेवून खाली बघत उभे होते.

त्या दिवसापासून मास्तरांनी 'स' सोडला.

बातमी आणली कवळीवाल्यांच्या बायकोने. "ताई रडतेय. भावोजी बोलेनातच. चहात साखर हवी तर म्हणतात, 'ते पांढरं गोड घाल.' सकाळला 'उजाडलं' म्हणतात. जेवणाआधी 'स्वर्गीय पित्या' म्हणायचे, ते आता 'वरच्या बापा'वर आले आहेत. आणि आरशासमोर उभे राहून जिभेची कवायत घेतात. 'जीभ बाहेर! जीभ आत!' रोज पन्नास वेळा."

"जिभेची का?" कवळीवाल्यांनी चाचरत विचारलं.

"त्यांना वाटतंय, वयामुळे जीभ जड झाली. मी म्हटलं, कवळी दाखवून घ्या. तर म्हणाले, 'ती त्याच्या हातची आहे, तिच्यात खोट निघणार नाही. खोट माझ्या जिभेत.'"

कवळीवाल्यांनी ताट बाजूला सारलं. त्यांनी प्रार्थना सुरू केली. देवा, मला क्षमा कर आणि मास्तरांचा 'स' तूच काय तो बघ. क्षमा मागायचे, 'स' देवावर सोपवायचे आणि उठायचे. आठवडा गेला. देवाने 'स'मध्ये लक्ष घातल्याचं दिसेना.

शेवटी चर्चचे पाळकसाहेब दुकानात आले. त्यांची कवळी टोचत होती. ती हातात घेऊन घासता घासता कवळीवाल्यांचा बांध फुटला. सगळं सांगून टाकलं, कडव्यापासून कानशीपर्यंत. पाळकसाहेब बोळक्या तोंडाने ऐकत होते. मग हळूच म्हणाले, "माझ्या कवळीला काही केलं नाहीस ना?"

"नाही हो, शपथेवर!"

"मग दे इकडे." कवळी बसवून त्यांनी आवाजाला पाळकाची धार दिली. "पश्चात्ताप खरा आहे?"

"खरा आहे, साहेब. झोप उडालीय."

"मग देवाने तुला क्षमा केली. तुझं पाप ख्रिस्ताने आपल्या खांद्यावर घेतलं, त्यात शंका नको. पण मास्तरांच्या तोंडातली कवळी तो येऊन बदलणार नाही. ती तुझ्या हातची आहे."

"क्षमा झाली, तर मग सांगायलाच हवं का?"

"अरे, क्षमा झाली म्हणून तर सांगता येईल. जोवर झाली नव्हती तोवर तू लपतच होतास की."

कवळीवाल्यांना ते पटलं, पण मास्तरांचे दंड आठवले. खूप विचार करून त्यांनी एक युक्ती काढली. मास्तरांना बोलावून घेतलं, "नव्याने माप घेऊ" म्हणाले, वरच्या जबड्यावर मापाचा गुलाबी लगदा भरलेली पट्टी बसवली, बोटाने दाबून धरली आणि म्हणाले, "भाऊ, आता चार मिनिटं हलायचं नाही, बोलायचं नाही. मला तुम्हाला काही सांगायचं आहे."

आणि सांगितलं.

मास्तरांचे डोळे आधी बारीक झाले, मग मोठे, मग लाल. वर दात नव्हते हे खरं, पण खालचे बत्तिशीतले उरलेले सगळे स्वतःचे होते. ते त्यांनी मिटले. मध्ये कवळीवाल्यांचं बोट होतं.

किंकाळी तिसऱ्या दुकानापर्यंत गेली. मास्तरांनी लगदा थुंकला. ओरडतील असं वाटलं होतं, पण ते इतकंच म्हणाले, "मला वाटलं, माझी जीभ गेली रे." आणि बाहेर पडले. शिट्टीची कवळी खुर्चीवरच राहिली.

बोटाला चार टाके पडले. ते सोपं होतं. गावभर बोभाटा झाला, तो जड गेला. दुकानात गिऱ्हाइकांची रीघ लागली, पण नव्या कामाची नव्हे. "माझी जेवताना टकटक वाजते, ती कशाबद्दल?" एक आजीबाई तर कवळी रुमालात बांधून घेऊन आल्या. "मी हसले की ही खाली येते. मी तुमचं काय वाकडं केलंय?"

"काही नाही हो आजी, तुम्ही हसताच फार."

प्रत्येकाची कवळी तपासून, दुखऱ्या बोटाने घासून परत दिली. चिडले नाहीत. रात्री गाढ झोप मात्र लागत होती, आणि याचंच त्यांना नवल वाटे. देवाकडचं काम एका क्षणात उरकलं होतं. माणसांकडचं एकेक जबडा करत चाललं होतं. गायनमंडळ त्यांनी आपणहून सोडलं. मास्तरांच्या दारात तीन रविवार जाऊन आले. थोरल्या मेहुणीने तिन्ही वेळा दार उघडलं, पाहिलं आणि लावलं.

सहाव्या आठवड्यात, दुपारी, मास्तर येऊन खुर्चीत बसले. मागोमाग मेहुणी.

"प्रार्थनेत 'आम्ही इतरांना क्षमा करतो तशी आम्हाला कर' हे वाक्य आलं की मी अडकायचो," मास्तर बोळक्या तोंडाने म्हणाले. "पुढे जाताच येईना. दीड महिना रोज अर्धीच प्रार्थना! देवाला तरी किती वेळ ताटकळत ठेवायचं? आज सकाळी गेलो पुढे."

"भाऊ..." कवळीवाल्यांनी बाहीने डोळे पुसले.

"रडू नकोस, माप चुकेल. अजून आतून थोडं ठसठसतं. ते जाईल हळूहळू. पण एक अट आहे. ही तुझ्या कानशीपाशी बसणार."

मेहुणीने मागच्या खोलीत स्टूल ओढलं, विणकाम काढलं आणि बसली. मास्तरांनी आ केला.

तीन दिवस ती येत राहिली. एक शब्द बोलली नाही. सुया चालत, नजर कानशीवर. तिसऱ्या दिवशी कवळीवाले पुढच्या दोन दातांच्या मागचा भाग घासायला लागले, तेव्हा सुया थांबल्या. त्यांनी श्वास रोखला, एकच हात मारला, बोट फिरवून पाहिलं, फुंकर घातली, पुन्हा अर्धा हात मारला. कपाळावरून घाम ओघळला.

मेहुणी स्टुलावरून पुढे वाकली आणि कवळीकडे निरखून बघत म्हणाली, "किती बारीक काम आहे हो हे!"