हत्तीच्या कुळाची सून

"झोप लागतच नाही का गं?"

"लागते, आजी. पण मी झोपले तरी आत कुणीतरी जागंच असतं."

थेक्ला आजींनी नुसती मान हलवली. बाकाच्या दुसऱ्या टोकाला बसलेल्या पोरीने अजून एकदाही त्यांच्याकडे पाहिलं नव्हतं. व्होंगाई नाव तिचं. पाठीला फडक्याने तान्ही लेक, रुवा, बांधलेली. लेक भुकेली होती, फडक्यातल्या फडक्यात डोकं घासत होती. पण व्होंगाई तिला सोडून पुढे घेत नव्हती. मागे हात नेऊन थोपटत होती, एवढंच.

हरारेतल्या आमच्या वस्तीत दवाखाना लहान आणि रांग मोठी. गोळी, इंजेक्शन यातलं काहीच ज्यांना लागू पडत नाही, त्यांना सिस्टर पामिरे आवारातल्या आंब्याखालच्या बाकावर पाठवते. दुखण्याला आमच्याकडे नावही साधंच आहे, 'खूप विचार'. त्यावरचे डॉक्टर साऱ्या देशात मिळून मूठभर, म्हणून वस्तीतल्याच म्हाताऱ्यांना जमवून ऐकायला शिकवलं. थेक्ला आजी त्यांतल्या एक. त्यांचा नवरा गेला तेव्हा शेजारीण येऊन दिवसभर त्यांच्याजवळ शेंगा सोलत बसली होती, एक शब्द न बोलता. तो दिवस आठवूनच त्या या कामाला आल्या.

शिकवताना सिस्टरने बजावलं होतं, "बाकावर बसलात की तुम्ही कुणाच्याच कोणी नाही. सासू नाही, आत्या नाही. वाट दाखवायची नाही. शेजारी बसायचं. वाट तिची ती शोधते."

तेव्हा त्यांच्याबरोबर शिकणारी एलिझा आजी तोंडाला पदर लावल्यासारखा हात लावून हसली होती. "कुणाच्याच कोणी नाही, ती काय बाई झाली? तो तर विजेचा खांब!"

सगळ्या म्हाताऱ्या हसल्या होत्या. थेक्ला आजीसुद्धा.

"बाळ भुकेलंय गं," आता त्या म्हणाल्या.

व्होंगाईचा थोपटणारा हात थांबला. "आजी, मी हिला... मी हिला पुढे घेत नाही."

आजी थांबल्या. थांबायचं त्या शिकल्या होत्या.

"आधीची दोन माझ्या हातांतच गेली. मांडीवर होती, आणि गेली. सासूबाई म्हणतात, तुझ्या हातांत..." तिने तळवे स्कर्टवर पुसले, जणू ओले होते. ओठ नुसते हलत राहिले.

अजून थोडं थांबायला हवं होतं. पण पोरगी थरथरत होती, ऊन एवढं तापलेलं असताना. परक्या माणसाला जवळ ओढायचं तर आमच्याकडे एकच रीत. आधी देवक विचारायचं. देवक जुळलं की नातं निघतं आणि नातं निघालं की माणूस मोकळं होतं, असं आम्ही धरून चालतो.

"तुझ्या माणसाचं देवक कुठलं, बाळा?"

"हत्ती."

"अगं बाई!" आजींनी टाळी वाजवली. "मीही हत्तीच्याच कुळातली! म्हणजे तो माझा भाचा आणि मी तुझी आत्या. बघ, आणि मघापासून मला परकी समजत होतीस!"

व्होंगाई बाकावरून उतरली. मातीत गुडघे टेकून बसली, मान खाली घालून तळव्यांची हलकी टाळी वाजवली. "आत्या." नवऱ्याच्या आत्याच्या बरोबरीने सून बसत नाही.

"अगं, वर बस."

"बरी आहे, आत्या."

"हातांचं काय सांगत होतीस?"

"काही नाही, आत्या. सासूबाई चांगल्या आहेत."

आता कुठलाही प्रश्न विचारला तरी तेवढंच. हो, आत्या. नाही, आत्या. जो प्रश्न प्रत्येकीला विचारायचाच असतो, तोही आजींनी विचारला. "जीव नकोसा वाटतो का गं कधी?"

व्होंगाई मातीकडे बघत राहिली. मग म्हणाली, "नाही, आत्या."

दुसरं काय म्हणणार होती? सुनेने सासरी जीव दिला तर, आमच्याकडे मानतात, तिचा आत्मा त्या कुळाला पिढ्यान् पिढ्या सोडत नाही. सासरच्या माणसासमोर सुनेने मरणाचं नाव काढणं म्हणजे उघड धमकी. आजींना हे ठाऊक होतं. या 'नाही'त काहीतरी कमी आहे, हेही जाणवलं. पण तोवर त्यांच्यातली आत्या उठून उभी राहिली होती.

"शनिवारी मी येते. भाच्याला आणि त्याच्या आईला समोर बसवते. आत्या जिवंत असताना सुनेला कोण बोलतं बघू!"

व्होंगाईने झटकन वर पाहिलं. पहिल्यांदाच. "नको, आत्या. मी बाहेर बोलले हे त्यांना कळेल."

"बाहेर कुठे? मी घरचीच की."

शनिवारी सकाळी आजी चर्चचा निळा ब्लाउज घालून, घरी वाटलेल्या शेंगदाण्यांची बरणी घेऊन निघाल्या. व्होंगाईचा नवरा फराई दारातच बसला होता. त्याने बसल्याबसल्या टाळी वाजवली. दुसऱ्या कुठल्याशा कुळातल्या परक्या बाईला वाजवावी तशी नव्हे, आत्याला वाजवावी तशी.

"आत्या ना तुम्ही? आलात. कुणी कळवलं तुम्हाला?"

"काय कळवलं?"

आत बाळ रडत होतं.

"तिने काहीतरी पिऊन घेतलं. पहाटे शेजाऱ्याच्या गाडीतून मोठ्या इस्पितळात नेलं." त्याने चेहऱ्यावरून हात फिरवला. "काल म्हणाली, तुमची आत्या येणार आहे. मी म्हटलं, मला कुठली आत्या? मी रागावलो नाही, आत्या. शपथ. मी एवढंच विचारलं, काय सांगितलंस तिला."

आजींनी बरणी उंबऱ्यावर ठेवली. आत गेल्या. सासू बाळाला मांडीवर हलवत होती. आत्यापणाचा जो काही अधिकार होता, तो आजींनी तिथे एकदाच वापरला. "रुवाला द्या इकडे." सासूने मुकाट्याने बाळ दिलं. आजींनी ते पाठीला बांधलं.

इस्पितळात नर्स दाराशीच हळू आवाजात म्हणाली, "बोलतेय, शुद्धीत आहे. पण आत सगळं गेलंय, आजी. आशा धरू नका."

आजींना बघताच व्होंगाई कॉटवरून उतरायला धडपडू लागली. हाताची नळी ताणली गेली. आत्या आली होती, सुनेला वर कसं राहवणार?

आजी भराभर पुढे झाल्या आणि तिच्याआधी स्वतःच खाली बसल्या. थंड फरशीवर, पाय दुमडून. आता व्होंगाई वर होती आणि त्या खाली. व्होंगाईचा श्वास जरा शांत झाला.

"तेव्हा विचारलं होतं," आजी खालूनच म्हणाल्या. "जीव नकोसा वाटतो का म्हणून."

पलीकडच्या कॉटवरची बाई कुशीवर वळली.

"वाटत होता, आजी."

'आजी' म्हणाली ती. आत्या नाही.

"मी ऐकलं गं," थेक्ला आजी म्हणाल्या. आणि मग, "रुवाला पुढे घेतेस?"

व्होंगाईने आपल्या तळव्यांकडे पाहिलं, नाही अशी मान हलवली.

"हे हात मी बघितलेत. थोपटतात ते."

त्यांनी गाठ सोडली आणि खालूनच हात उंच करून रुवाला तिच्या छातीवर ठेवलं. रुवाने थोडी कुरकुर केली, मग आईच्या गळ्यात नाक खुपसून झोपून गेली. व्होंगाईचे दोन्ही हात हवेत तसेच राहिले. मग एक खाली आला, नंतर दुसरा.

रविवारी ती गेली.

सोमवारी आजी दवाखान्यात आल्या तेव्हा एलिझा आजीने एकही थट्टा केली नाही. सिस्टर पामिरे रांग सोडून आंब्याखाली आली.

"आजी, स्वतःला खाऊ नका. असं दुःख घेऊन एखादी बाई इथे आली असती, तर तिला काय म्हणाला असता?"

"काही नाही. शेजारी बसले असते."

सिस्टर शेजारी बसली. रांगेतली माणसं थोडी कुजबुजली, मग गप्प झाली.

पुढे एकदा एक मध्यमवयीन बाई आली. बघते तर आजी बाकाशेजारी खाली मातीत बसलेल्या.

"आजी, खाली का? वर या ना."

"गुडघे धरलेत. बाकावर बसवत नाही. तू बस."

गुडघे धरलेल्या माणसाला जमिनीवरून उठताना काय होतं, हे त्या बाईला चांगलं ठाऊक असावं. तरी ती बाकाच्या कडेवर बसली, पिशवी मांडीवर घेतली, आणि सुरुवात कशी करावी हे न सुचून म्हणाली, "तुमचं देवक कुठलं, आजी?"

आजींनी स्कर्टवर पडलेलं आंब्याचं वाळलं पान उचलून बाजूला ठेवलं.

"तू बोल," त्या म्हणाल्या.