अंबत्तूरची आडवी सायकल

खाली बघा. अजून खाली. हां, मीच बोलतेय. मी आडवी सायकल. रिक्षावाले मला ‘चालती खाट’ म्हणतात, शाळेतली पोरं ‘झोपलेली सायकल’ म्हणतात. म्हणोत बापडे. त्यांच्या सायकली दुकानातून आल्या, एकीसारखी दुसरी. माझ्यासारखी दुसरी अख्ख्या चेन्नईत कुणी दाखवावी, मी माझी घंटी काढून देईन.

माझा जन्म आरामखुर्चीत झाला. हसू नका.

खुर्ची होती सुंदरीबाईची. मी तिला एकेरीच म्हणते. जन्म देणाऱ्या बाईला ‘अहो’ कशाला? तंजावरकडचं मराठी घर, बोलण्यात निम्मं तमिळ, अंगावर कायम नऊवारी. अंबत्तूरच्या कारखान्यांच्या वस्तीत नवऱ्याची छोटी शेड होती, शेडमध्ये एक लेथ. नवरा काम करायचा तेव्हा ही डबा घेऊन जायची आणि उभी राहून बघायची. तो गेला त्यानंतर लोक सांत्वनाला आले तर ही घरात नव्हती, शेडमध्ये पंपातलं पितळी कडं, बुश, कातत होती. कुणी शिकवलं नाही. बिघडवलं, पुन्हा केलं, तेवढंच शिक्षण. पंपांचे बुश घ्यायला पुढं माणसं लांबून तिच्याकडे यायला लागली.

मग पाठ गेली. मणका सरकला. सरळ बसलं की कळ डोक्यात जायची. बसच्या पायऱ्या बंद, स्कूटर बंद, रिक्षातल्या प्रत्येक खड्ड्याला किंकाळी. त्रास नव्हता तो एकाच जागी, व्हरांड्यातल्या आरामखुर्चीत मागं रेलून, पाय लांब करून.

तिचा मुलगा बालाजीराव एग्मोरला ऑफिसात होता. स्वभावानं वाईट नाही, भित्रा. त्यानं शेडला कुलूप लावलं आणि किल्ली आपल्या खिशात ठेवली.

“अम्मा, शेड विकू या. घेणारा तयार आहे.”

“घेणारा असेल. देणारी नाहीये.”

“पण तू रोज तिथं जाणार कशी?”

“माझी मी.”

“कशी पण?”

“ते माझं मी बघते. विजयादशमीला लेथ चालू करायचंच असतं. त्या दिवशी मी माझ्या चाकांवर, कुणाचा हात न धरता शेडवर पोचले तर किल्ली माझी. नाही पोचले तर विकून टाक. सही करीन आणि तोंडातून शब्द काढणार नाही.”

हे शेवटचं बालाजीरावला पटलं नसावं. तरी तो “सरी” म्हणाला. तमिळमधलं ‘बरं’.

सुंदरीबाई खुर्चीत पडून आपल्या पायांकडे बघत राहिली. मग हवेतच पेडल मारल्यासारखे पाय फिरवू लागली. पाठ दुखेना. पुन्हा फिरवले. आतून तिची सून श्रीदेवी धावत आली, तिला वाटलं सासूला झटका आला.

“अम्मा, काय होतंय?”

“काही होत नाहीये. माळ्यावरच्या जुन्या सायकली खाली काढ.”

अशी मी सुरू झाले. दोन मोडक्या सायकली आणि चौकोनी पाइप. मागचं चाक मोठं, पुढचं लहान मुलांच्या सायकलचं. पेडल पार पुढं, नाकासारखं. हँडल बैठकीच्या खाली, म्हणजे खुर्चीच्या हातांवर ठेवल्यासारखे हात सैल सोडून धरता येतं. बैठक खाटेच्या नायलॉन पट्टीनं विणलेली. चेन एकीला दुसरी, दुसरीला तिसरी जोडून झाली, आणि तिला वाट दाखवायला नायलॉनची एक चकती लागत होती. लेथवर कॉफी निवेपर्यंत होणारं काम, पण लेथ कुलपात. सुंदरीबाईनं ती कानशीनं घासून गोल केली. बोटांची सालं निघाली. “एक किल्ली माग ना गं मुलाकडे” असं शेजारीण म्हणाली, तिच्याकडे बाईनं अशी काही नजर टाकली की ती कढीपत्ता न घेताच परत गेली.

शेवटी मागच्या चाकाजवळ शेतातल्या फवारणीच्या पंपाचं छोटं इंजिन बसलं. आधी पेडल मारायचं, वेग आला की दोर ओढायचा. चढ आला तर ते ढकलतं, सपाटीला आपण आपले.

चालवायला शिकताना आम्ही दोघी गल्लीत इतक्या वेळा आडव्या झालो की कुत्री उठून जागा सोडायची. पण नऊवारीचा कासोटा असला की चेनमध्ये काही अडकत नाही, हे मी जबाबदारीनं सांगते. सायकल बनवणाऱ्यांनी लुगडी नीट पाहिलीच नाहीत कधी.

एकदा चौकात ट्रॅफिक पोलिसानं अडवलं.

“पाट्टी, हे काय आहे?”

“सायकल.”

“मग हे मागं फटफटतंय काय?”

“म्हातारी आहे, खोकते.”

तो हसला आणि आजीला वाट करून दिली. हसणाऱ्या माणसाचा मला राग नाही. वाट अडवणाऱ्याचा आहे.

मग आयुधपूजेचा दिवस आला. आमच्याकडे त्या दिवशी हत्यारं, यंत्रं, गाड्या, सगळं धुऊन पुसून पुजायचं. पुजलं की दुसऱ्या सकाळपर्यंत हात लावायचा नाही, त्यांचा विसावा. श्रीदेवीनं मला अंगणात घेतलं. सासूला ती भ्यायची, पण बाजू तिचीच घ्यायची, फक्त मोठ्यानं नाही. दरवर्षी शेडमधली पक्कड, पाने, काम धरणारा लेथचा चक धुऊन झाले की गंज धरू नये म्हणून तिळाच्या तेलाचा हात फिरवायचा, हे तिनं पाहिलं होतं. माझ्यावरही तिनं तसाच मायेनं हात फिरवला. पाइपवर, पेडलवर, दोन्ही चाकांच्या रिमवर. अगदी चकचकीत. वर चंदन, कुंकू, शेवंतीचा हार.

सुंदरीबाईनं पाहिलं आणि म्हणाली, “रिम काय छान चमकतायत!”

एरवी ब्रेकजवळ तेलाचा थेंब दिसता तर तिनं आकाशपाताळ एक केलं असतं. पण पुजलेल्या वस्तूकडे माणसं तपासायला म्हणून बघत नाहीत. आणि मला त्या दिवशी चालवून बघायची सोयच नव्हती.

विजयादशमीला आम्ही निघालो. मागं स्कूटरवर बालाजीराव, त्याच्या मागं श्रीदेवी. रुळांवरच्या पुलाचा चढ इंजिनानं हां हां म्हणता ओढला. माथ्यावर बाईनं इंजिन बंद केलं आणि उतार लागला. तिनं ब्रेक दाबला.

माझे ब्रेक रबराचे, रिमला धरणारे. धरणार कशाला? तेल. तिनं पुन्हा दाबला, दोन्ही मुठी आवळून. मी चाललेच होते. खाली चौक, चौकात बस आडवी. मागून बालाजीराव “अम्मा! अम्मा!” करत होता, जसं काही समोरची बस तिला दिसत नव्हती.

सुंदरीबाई ओरडली नाही. पुलाच्या पायथ्याशी लॉरीवाल्यांचा अड्डा आहे. कालच्या पूजेला लॉऱ्यांना बांधलेली केळीची रोपं त्यांनी सोडून कडेला ढीग घातला होता. तिनं हँडल वळवलं आणि आम्ही दोघी त्या ढिगात घुसलो. केळीची पानं फाटली, हार तुटला, माझा पुढचा मडगार्ड वाकला. बाई एका कुशीवर, लुगड्याला केळीचा चीक.

बालाजीराव धावत आला. “झालं? हौस फिटली? हाड मोडलं असतं म्हणजे? चल, रिक्षा बोलावतो.”

“हात लावू नको मला. शर्त आहे.”

“आता कसली शर्त अम्मा, तू पडलीस!”

“पडले. पोचले नाही असं कुठं झालंय अजून?”

ती स्वतःच उठली. वेळ लागला, ओठ दाबून उठली. मग रिमवरून बोट फिरवलं आणि नाकाशी नेलं.

श्रीदेवी रडायच्या बेतात होती. “अम्मा, मीच लावलं. चमकावं म्हणून.”

मला वाटलं, आता हिची काही धडगत नाही. पण बाई म्हणाली, “आणि ‘छान चमकतायत’ कोण म्हणालं? मीच ना? डोळे माझे, ब्रेक माझे. रडू नको, ती पेट्रोलची नळी सोडव.”

सणाचं रेशमी लुगडं होतं. त्याचा पदर पेट्रोलमध्ये भिजवून तिनं माझ्या रिम पुसल्या, एक बाजू, दुसरी बाजू, चंदन, कुंकू, तेल सगळं. लॉरीवाले बघत उभे राहिले. एक म्हणाला, “पाट्टी, फडकं देतो ना!”

“तुझं फडकं तेलकट असेल,” बाई म्हणाली.

मग पिशवीतल्या कानशीनं रबर खरवडलं, चाक फिरवून ब्रेक दाबला. चाक जागच्या जागी थांबलं. श्रीदेवीनं नळी परत जोडली. बाई रेलली, पेडल मारलं, आणि वेग येताच दोर ओढला.

शेडच्या दारात मी थांबले. ब्रेकवर थांबले, हे लिहून ठेवा हवं तर. बालाजीराव मागून आला आणि त्यानं किल्ली तिच्या तळहातावर ठेवली. तिनं कुलूप काढलं. आत लेथ घरघरलं, तेव्हा बाहेर मला ऐकू आलं.

आता काही वर्षं झाली. सुंदरीबाईचे गुडघेही गेले. ती शेडच्या बाजूच्याच खोलीत राहायला आलीय, लेथशेजारी खुर्ची टाकून बसते आणि श्रीदेवीच्या कामावर नजर ठेवते. बालाजीराव म्हणाला होता, “अम्माची आठवण म्हणून सायकल भिंतीला लावू, हार घालू.” बाई म्हणाली, “मी अजून जिवंत आहे, आणि तीही.” मग पाना मागवला आणि माझी बैठक दोन भोकं मागं सरकवली. श्रीदेवीचे पाय लांब आहेत.

हल्ली श्रीदेवीच मला चालवते. तीही नऊवारी नेसायला शिकलीय, कामापुरती. किल्ली तिच्या कमरेला असते. आयुधपूजेला मला चंदन लागतं, कुंकू लागतं, हार पडतो. रिमकडे बोट नेलं तर आतून खुर्चीतून आवाज येतो, “तिथं नाही!”

तेव्हा तुम्हाला एवढंच सांगते. पुलाच्या उतारावर कधी एखादी बाई आडवी पडून, पाय पुढं करून, फटफटत येताना दिसली तर खुशाल हसा. चालती खाट म्हणा. पण रस्त्यातून बाजूला व्हा. तिला शेड उघडायचीय.