बाबांची उजवी बाजू

लिफ्टवाला भांडायला बसण्याआधी चहा करून घ्यायचा. भांडण म्हणजे समोरासमोरचं नव्हे. त्यात तो अगदीच कच्चा, बायकोने नुसतं मान वर करून पाहिलं तरी याचं म्हणणं तिथेच संपायचं. पण फोनवर, पाळणाघराच्या पालकांच्या ग्रुपवर, हाच माणूस वाघ. दोन अंगठे आणि कपभर चहा एवढ्या सामग्रीवर त्याने तीन आठवडे लढाई लढवली होती.

लढाई गोवराच्या लसीवरून होती. त्याची मुलगी, जिला घरात सगळे भिंगरी म्हणत, अकरा महिन्यांची झाली होती आणि तिची ही लस राहिली होती. बायकोने दोनदा तारीख घेतली. पहिली याने भिंगरीचं नाक वाहतंय म्हणून मोडली, दुसरी 'जरा वाचून घेतो' म्हणून. वाचायला बसला तो ग्रुपवर जाऊन पोचला. तिथे त्याने लसीनंतर होऊ शकणाऱ्या त्रासांची हातभर यादी टाकली आणि खाली विचारलं की, हे सगळं दिसत असताना लेकराला सुई टोचायची कशी?

उत्तर दिलं ते सिस्टरने. ही एका मुलाची आई, आणि जवळच्या दवाखान्यात मुलांना लसी देणारी नर्सही हीच. तिने लिहिलं, ताप येतो, कधी पुरळ येतं, चार दिवसांत जातं. क्वचित एखाद्याला तापात झटका येतो, तोही सहसा मागे काही ठेवत नाही. गोवर झाला तर काय होतं याचीही यादी आहे, ती सोबत जोडली आहे, तीही वाचा. ती यादी आपल्या गड्याने काही उघडली नाही. आपल्याला हवं ते वाचून झालं की माणसाचे डोळे फार लवकर दुखायला लागतात.

कामावर मात्र याच्या अकलेला तोड नव्हती. त्याच्याकडे बावीस लिफ्टची देखभाल होती आणि प्रत्येक लिफ्टची एक नोंदवही. कधी दार अडकलं, कधी दोन मजल्यांच्या मध्ये थांबली, सगळं तारखेनिशी लिहायचं. एका इमारतीत चौथ्या मजल्यावरच्या आजींनी ती वही उघडी पाहिली, चष्मा लावून पहिल्या पानापासून वाचली आणि त्या दिवसापासून दुखऱ्या गुडघ्यांनी जिना चढायला लागल्या. याने त्यांना दुसऱ्या मजल्यावर धापा टाकताना गाठलं आणि समजावलं.

"आजी, लिफ्टचं दिसतं, कारण आम्ही लिहितो. जिन्यावरून कोण कधी पडलं याची वही ठेवलीय का कुणी? ठेवली असती तर तुम्ही जिन्याच्या वाटेलाही गेला नसता."

आजींना पटलं. त्या लिफ्टने वर गेल्या. आपण काय झकास बोललो या खुशीत हा घरी आला, चहा केला आणि सिस्टरला लसीच्या त्रासांची तीच यादी पुन्हा पाठवली. लोकां सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण, दुसरं काय.

मग एका सोमवारी पाळणाघरातल्या एका मुलाला गोवर निघाला. बायकोने त्याच दुपारी तिसरी तारीख घेतली, गुरुवार, सकाळी दहा. ती चष्म्याच्या दुकानात लोकांचे नंबर तपासायची, दिवसभर 'हे स्पष्ट की ते स्पष्ट' विचारायची सवय, त्यामुळे घरीही आडपडद्याने बोलणं तिला जमत नसे. भिंगरीला भरवता भरवता ती म्हणाली, "तू आला नाहीस तर मी एकटी नेईन. पण मग ती लस आपण दिली असं नाही होणार, मी दिली असं होईल. ते मला नकोय."

हा 'बघू' म्हणाला. त्याचं 'बघू' म्हणजे काय हे लग्नाच्या पहिल्या वर्षातच तिला कळलं होतं. तिने वाटी जरा जोरातच खाली ठेवली.

मंगळवारी संध्याकाळी त्याने हुकमाचं पान टाकलं. बाबांचा एक फोटो काढला आणि ग्रुपवर लिहिलं: 'हे माझे वडील. पाचव्या वर्षी गोवर झाला होता. आज एकाहत्तर वर्षांचे आहेत, रोज तीन किलोमीटर चालतात. काय झालं गोवराने? दोन महिने शाळा बुडली, एवढंच.' पाऊण तासात सत्तावीस अंगठे वर आले. सिस्टरकडून काही उत्तर नाही. जिंकलो, असं त्याला वाटलं.

आता बाबांबद्दल एक सांगायला हवं. त्या घरात जेवणाच्या टेबलावर बाबांची खुर्ची डाव्या टोकाला भिंतीला चिकटून असे आणि बाकी सगळे त्यांच्या उजवीकडे बसत. रस्त्याने चालताना सगळे उजवीकडून. हे सुनेला लग्न होऊन आल्यावर चार दिवसांत अंगवळणी पडलं होतं, कारण बाबांना डाव्या कानाने काहीही ऐकू येत नव्हतं. लहानपणी लिफ्टवाल्याने याचा पुरेपूर फायदा उठवला होता. काच फोडली, मार्क कमी पडले, की हा बाबांच्या डाव्या बाजूला जाऊन हळूच सांगून टाकायचा. पुढे प्रकरण उघडकीला आलं की, 'मी सांगितलं होतं की!' म्हणून मोकळा. कान असा का, हे त्याने कधी विचारलं नव्हतं. खिडकी पूर्वेला का, असं घरात कोण विचारतं? काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात ना, तो कळसा गेली चौतीस वर्षं याच्या शेजारच्या खुर्चीत बसून जेवत होता.

तर हा फोन घेऊन मोठ्या ऐटीत बाबांकडे गेला. "बाबा, सत्तावीस जणांना आवडलात तुम्ही."

बाबांनी चष्मा लावला. फोटो पाहून हसले. मग खालचं वाचलं. मग पुन्हा वाचलं, या वेळी बोट ठेवून. हसू कधी गेलं ते कळलं नाही.

"शाळा बुडली हे खरं," ते म्हणाले. "पण कानाचं का नाही लिहिलंस?"

"कानाचं काय?"

बाबांनी चष्मा काढून हातात धरला. "गोवरातच गेला तो. ताप उतरला, कानातून पू यायला लागला, आणि मग या बाजूचं सगळं बंद झालं. तुला माहीत नाही?"

त्याला माहीत नव्हतं. बाबांनी मुलांना नेहमी गमतीचा भागच सांगितला होता. दोन महिने शाळा नाही, अंथरुणात बसून गोष्टींची पुस्तकं, शेजारणीने दिलेलं मांजराचं पिल्लू. "मीच अर्धी गोष्ट सांगत आलो," बाबा म्हणाले. मग म्हणाले, "तू पहिल्यांदा बाबा म्हणालास तेव्हा माझ्या या खांद्यावर होतास. डाव्या. तुझी आई स्वयंपाकघरातून ओरडत आली, ऐकलंत का, ऐकलंत का. मी हो म्हणालो."

लिफ्टवाल्याला लाज वाटली, आणि त्या लाजेत जुनी सवय उसळून आली. तो उठला, बाबांच्या डाव्या बाजूला जाऊन उभा राहिला आणि तिथून काहीतरी पुटपुटायला लागला.

बाबांनी खुर्ची सरकवली. "इकडे ये. हे उजवीकडून सांग."

मग त्याने उजवीकडून सांगितलं. भीती वाटते, म्हणाला. आपण आपल्या हाताने तिला सुई टोचवायची आणि तिला काही झालं तर? आजार आला तर तो आपोआप आला. पण लस म्हणजे आपण दिली, ते आपल्या हातून झालं. हे तो तीन आठवड्यांत ग्रुपवर एकदाही बोलला नव्हता, बायकोजवळही नाही.

बाबांनी त्याचं सगळं ऐकून घेतलं. "माझ्या आईलाही जन्मभर वाटायचं की तिच्याच हातून झालं," ते म्हणाले. "तेव्हा आमच्याकडे लस नव्हतीच रे. असती तर ती मला घेऊन अनवाणी पळाली असती."

त्या रात्री चहा न करताच त्याने सिस्टरची यादी उघडली. कान तिसऱ्या ओळीतच होता. त्याने आपल्या पोस्टखाली लिहिलं: 'वरची माहिती अपुरी आहे. माझ्या वडिलांचा डावा कान गोवराने गेला. मला आज कळलं. जिन्याचीही वही असते, मी ती वाचली नव्हती.' जिन्याची वही कुणाला कळली नाही. एकाने खाली विचारलंसुद्धा की, लिफ्ट बंद आहे का? अंगठे दोनच आले. एक सिस्टरचा, आणि एक पलीकडच्या खोलीत जागी असलेल्या त्याच्या बायकोचा.

गुरुवारी दहाला दहा कमी असताना सगळी वरात दवाखान्यात हजर. बाबा आपणहून आले होते. सिस्टरने दार उघडलं आणि लिफ्टवाल्याला वाटलं, आता ही आपली सालटी काढणार. तिने कार्डावर तारीख लिहिली, ताप आला तर काय करायचं आणि कधी लगेच फोन करायचा ते नीट सांगितलं आणि म्हणाली, "दुसरा डोसही आहे पुढे. तेव्हा परत तीन आठवडे भांडायचं असेल तर मला आधी सांगा, मी सुट्टी टाकते."

बायको तोंडावर पदर धरावा तशी भिंगरीचं दुपटं धरून हसली.

भिंगरीला कुणी धरायचं, हा प्रश्न आला. लिफ्टवाला पुढे झाला खरा, पण त्याची नजर सुईवरून हटेना. बाबा म्हणाले, आण इकडे. त्यांनी नातीला घेतलं, उजव्या खांद्यावरून डाव्यावर नीट सरकवलं आणि तिचं तोंड आपल्या डाव्या कानाशी आणलं. सुई टोचली. भिंगरीने असा काही टाहो फोडला की बाहेर बसलेली दोन मुलं नुसत्या धास्तीने रडायला लागली.

बाबा मात्र तिची पाठ थोपटत निवांत बसले होते. "ओरड बाई, हवं तेवढं ओरड," ते म्हणाले. "ही बाजू रिकामीच आहे."

लिफ्टवाला त्यांच्या उजवीकडे जाऊन बसला. रडं ओसरायला बराच वेळ लागला. मग आजोबांच्या खांद्यावरून तिने ओल्या डोळ्यांनी बापाकडे पाहिलं आणि रागाने, अगदी स्पष्ट, "बा" म्हणाली.

"काय म्हणाली?" बाबांनी विचारलं.

त्याने वाकून त्यांच्या उजव्या कानात सांगितलं.